कुणाच्या अंगावरचं?

टोकियोत शिमोकिताझावाला उतरलं की स्टेशनच्या कुठल्याही बाजूने बाहेर पडा, चार पावलांवर जुन्या कपड्यांचं दुकान लागतंच. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. विशीतली पोरं-पोरी रॅकमधून एकेक टी-शर्ट ओढतात आणि रंग, चित्र बघायच्याही आधी बाही उलटी करून शिलाई बघतात. दुमडीवर टाक्यांची एकच ओळ असेल तर शर्ट बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा, दोन ओळी असतील तर नंतरचा. मग नजर जाते मानेमागच्या लेबलकडे, मग चेनकडे: टॅलन या जुन्या अमेरिकी कंपनीची आहे की वायकेकेची. लिव्हाइसची जीन्स हाती लागली तर मागच्या खिशाला शिवलेली लाल फीत आधी बघायची. १९७१च्या सुमारापर्यंत तिच्यावर कंपनीचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत असे, पुढे त्यातलं ‘ई’ लहान झालं. त्या एका अक्षरावरून किमतीत कैक पटींचा फरक पडतो. माझी आई गहू घेताना मूठभर दाणे तळहातावर घेऊन जे ओळखायची, तसलंच हे बोटांतलं ज्ञान आहे आणि मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

माझी मुलगी या पोरांपैकीच एक. तिने तिथून आणलेलं एक जाकीट हे लिहिताना माझ्यासमोर पडलं आहे. ‘अ बेदिंग एप’ या जपानी कंपनीचं. लांबून ते साधं लष्करी रंगांचं वाटतं, जवळ घेतलं की हिरव्या-तपकिरी डागांमध्ये वानराचं डोकं दडलेलं दिसतं, मग एकदा दिसलं की सगळीकडे तेच दिसतं. कफांच्या कडा घासून पांढरट झाल्या आहेत. कोपरांवर कापड मऊ पडलंय, पाठीवर मात्र अजून कडक आहे. म्हणजे ज्याचं कुणाचं होतं तो टेबलावर कोपरं टेकून बसणारा असावा. आणि आतल्या लेबलवर काळ्या मार्करची एक जाड रेघ आहे. उजेडात धरलं की त्या रेघेखाली कुणाचं तरी आडनाव लिहिलेलं होतं एवढं कळतं, वाचता येत नाही. इथे शाळेतल्या मुलांच्या कपड्यांवर, डब्यांवर, छत्र्यांवर आया नाव लिहितात. या जाकिटावरही कुणाच्या तरी आईने लिहिलं असेल, विकायला काढताना कुणीतरी ते खोडलं.

आई साताऱ्याहून आमच्याकडे टोकियोतल्या निशिकासाईला राहायला आली होती, तेव्हा नातीने हे जाकीट मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिलं.

“छान आहे गं,” आई म्हणाली. “पण कुणाच्या अंगावरचं?”

“आजी, ते कसं कळणार? पण सत्त्याण्णवच्या आसपासचं आहे. तेव्हा फार थोडी बनवायचे.”

“ते असू दे. माणूस आहे, की गेला?”

मुलीकडे याचं उत्तर नव्हतं. तिला जाकिटाचं साल माहीत होतं, कापडाची छपाई माहीत होती, पहिलं दुकान कुठल्या गल्लीत होतं तेही माहीत होतं. आजीला या कशाशीच कर्तव्य नव्हतं. गंमत म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर जपानी दुकानदाराकडे पुष्कळदा असतं. इथे १९४९चा जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा आहे. त्याखाली पोलिसांमार्फत परवाना काढावा लागतो, दुकानात त्याची पाटी लावावी लागते आणि दहा हजार येन किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू घेताना ती कोण विकतोय याची ओळख पटवून नोंद ठेवावी लागते. चोरीचा माल पकडता यावा म्हणून हे सगळं. म्हणजे इथलं विकलेलं जाकीट कुणाच्या अंगावरचं, हे कुठल्यातरी वहीत पुष्कळदा लिहिलेलं असतं. फक्त घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

आईचा प्रश्न मात्र मला सोडेना. तिच्या घरी भावंडं बरीच. थोरलीचं परकर-पोलकं धाकटीला आणि तिचं तिच्या धाकटीला, हा रिवाजच होता. तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नसत, आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी करत. त्याहून जीर्ण झालेलं गोधडीत जाई. घरातल्या माणसाच्या अंगावरचं कापड म्हणजे माया होती. परक्याच्या अंगावरचं म्हणजे भीती: साथीच्या रोगांची, विटाळाची, मेलेल्याची. घरातून बाहेर जाणारे कपडे बोहारणीच्या टोपलीत पडत, त्यावर घासाघीस होऊन एखादं पातेलं घरात येई. ते कपडे पुढे कुणाच्या अंगावर जातात हे आमच्या ओसरीवर कुणी विचारत नसे. कामाला येणाऱ्या बायकांना सणाला ‘उतरलेलं’ लुगडं दिलं जाई. त्यांच्या घरचं कापड आमच्या घरात आलं असं मात्र मी कधी पाहिलं नाही, ऐकलंही नाही. कापड एकाच दिशेने वाहत होतं.

आणि त्या दिशेला आपल्याकडे धर्मशास्त्राचा आधार होता, हे या विषयावर लिहिताना टाळून चालणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी मृतांचे कपडे वापरावेत असाही दंडक आहे. म्हणजे कुणी नवं घालायचं आणि कुणी दुसऱ्याचं उतरलेलं, हे आवडीनिवडीवर सोडलेलं नव्हतं. अंगावरचा कपडा बघून माणसाची पायरी कळावी अशीच ती व्यवस्था होती. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचं दहन केलं, त्याच वेळी तिथे जमलेल्या बायकांशी ते पेहरावाबद्दल बोलले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून आपली जात ओळखली जाते ते टाकून द्या, चारचौघींसारखं लुगडं नेसा, हे त्यांच्या सांगण्याचं सार होतं. दुसऱ्या दिवशी बायका वेगळ्या नेसून आल्या, असं त्या परिषदेच्या आठवणींत नोंदलेलं आहे. स्वतः बाबासाहेब आयुष्यभर सूट-टायमध्ये नीटनेटके राहिले. त्या सुटाला कुणी फॅशन म्हटलं तर म्हणो. ज्याच्या समाजाला हजारो वर्षं उतरलेलंच मिळालं, त्याने इस्त्रीचा नवा कोट घालणं ही माझ्या लेखी विसाव्या शतकातली महाराष्ट्रातली सर्वांत मोठी वेशभूषा आहे.

जुन्या कपड्यांची आवड कुणाला लागते आणि कुणाला कधीच लागत नाही, हे मला इथूनच कळायला लागलं. ज्यांच्यावर जुनं घालायची सक्ती झाली, त्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला नवं हवं असतं. डाग नसलेलं, घडी न मोडलेलं. ज्यांच्या घरातून ती सक्ती जाऊन दोन पिढ्या लोटल्या, त्यांनाच झिजलेल्या कफात सौंदर्य दिसू लागतं.

जपानची गोष्ट नेमकी याच वाटेने गेली आहे. युद्ध संपल्यानंतरच्या उपासमारीत शहरातली कुटुंबं पेटीतले किमोनो एकेक करून खेड्यात नेत आणि त्यावर तांदूळ-रताळी आणत. उएनो स्टेशनजवळच्या काळ्या बाजारात, आजच्या आमेयोकोत, अमेरिकी सैन्याकडून बाहेर पडलेले कपडे विकले जात. हरलेल्या देशाने जेत्याचं उतरलेलं घालावं, हा त्या पिढीचा अनुभव. त्या पिढीतल्या कुणाला जुन्या अमेरिकी जाकिटाचं अप्रूप वाटणार होतं? त्यामुळे पुढे केन्सुके इशिझु या माणसाने ‘व्हॅन’ नावाची कंपनी काढून अमेरिकी कॉलेजकुमारांसारखे कपडे जपानी मुलांसाठी शिवले, ते कोरे करकरीत होते. १९६४च्या सप्टेंबरात, टोकियोचं ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, गिंझाच्या मियुकी रस्त्यावर असे कपडे घालून नुसती उभी राहणारी मुलं पोलिसांनी धरून नेली. त्यांचे आईबाप हतबुद्ध झाले होते. आपण ज्याची लाज बाळगली ते पोरं पैसे मोजून घेतात, हे त्यांना उमगेना.

मग आली १९७०च्या आसपास जन्मलेली पिढी. भरल्या घरात वाढलेली, काही कमी न पडलेली. याच पिढीतला तोमोआकी नागाओ, ज्याला जग निगो म्हणून ओळखतं. त्याने आणि जुन ताकाहाशीने एप्रिल १९९३मध्ये हाराजुकूच्या मागच्या गल्लीत ‘नोव्हेअर’ नावाचं छोटं दुकान काढलं. दोघेही बुन्का फॅशन कॉलेजचे विद्यार्थी. एका बाजूला ताकाहाशीचं ‘अंडरकव्हर’, दुसऱ्या बाजूला निगोचं ‘अ बेदिंग एप’. माल मुद्दाम थोडा काढायचा, जाहिरात करायची नाही, ज्याला माहीत आहे तो येईल. पोरं रांगा लावू लागली. त्याच सुमाराला जपानी व्यापारी अमेरिकेतल्या गावोगावच्या बंद गोदामांतून जुन्या जीन्स उपसून आणत होते आणि निगो स्वतः त्या वेडात आकंठ बुडाला होता. आजोबांनी नाइलाजाने घातलेलं नातू हौसेने शोधू लागला. वेड वाईट वळणावरही गेलं: १९९५ साली निघालेले नायकीचे एअर मॅक्स बूट इतके दुर्मीळ झाले, की रस्त्यात पोरांना मारहाण करून पायांतले बूट काढून नेण्याचे प्रकार झाले.

२०११मध्ये ‘अ बेदिंग एप’ म्हणजेच ‘बेप’ हाँगकाँगच्या आय.टी. कंपनीकडे गेली. निगो पुढे काही वर्षांनी त्यातून बाहेर पडला आणि २०२१मध्ये पॅरिसच्या केन्झोचा कलादिग्दर्शक झाला. पण मला त्याच्याबद्दल जवळीक वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. २०२२मध्ये त्याने आपल्या संग्रहातले जुने अमेरिकी कपडे बुन्काच्याच वस्त्रसंग्रहालयात लोकांसमोर मांडले. डेनिम, खेळाडूंची अक्षरं लावलेली जाकिटं, कामगारांचे कपडे. ज्या कॉलेजात शिकला तिथेच त्याने हे सगळं आणून ठेवलं, की बाबांनो, मी यातून शिकलो, तुम्हीही बघा. संग्राहकाने असंच वागावं.

आज विशीत असलेल्या जपानी मुलांनी ती समृद्धी पाहिलेली नाही. त्यांच्या जन्माआधीच अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, पगार वर्षानुवर्षं जागच्या जागी राहिले. निगोने १९९७ साली काढलेलं जाकीट ही मुलं आज तशीच शोधतात, जशी निगोने १९५०ची जीन्स शोधली. यात हौस आहे, पण नवं परवडत नाही हेही आहेच. माझी मुलगी एकदा सहज म्हणाली, “आई, आजच्या किमतीत मला मिळतं ते कापड आठ महिन्यांत विटतं. हे पंचवीस वर्षं टिकलंय, अजून पंचवीस टिकेल.” म्हणजे सक्ती थोडीशी परत आली आहे, आणि या पोरांनी तिला मान खाली न घालता सामावून घेतलं आहे. मला त्यांचं हे फार आवडतं.

अमेरिकेतही धागा हाच. ज्याला आज सगळं जग स्ट्रीटवेअर म्हणतं त्याची एक मोठी मुळी काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत आहे, आणि तिथला आग्रह पहिल्यापासून नव्याचा. बूट दात घासायच्या ब्रशने साफ करून पांढरेशुभ्र ठेवायचे, टोपीवरचा स्टिकर काढायचा नाही. हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर डॅपर डॅनने १९८२मध्ये दुकान थाटलं. गुची, लुई व्हिताँ, फेंडी यांच्या खुणा छापलेल्या चामड्यातून तो असे कोट-जाकिटं शिवायचा, जे त्या कंपन्यांनी स्वप्नातही पाहिले नव्हते. गिऱ्हाइकांत रॅपर होते, मुष्टियोद्धे होते, गल्लीतले दादा होते. कंपन्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९९२मध्ये दुकान बंद पडलं. पंचवीस वर्षांनी, २०१७मध्ये, गुचीने फ्लॉरेन्सच्या शोमध्ये एक जाकीट आणलं, ते डॅपर डॅनने धावपटू डायॅन डिक्सनसाठी शिवलेल्या जाकिटाची जवळजवळ नक्कल होतं. गहजब झाला, मग गुचीने त्याच्याशी हातमिळवणी केली आणि पुढच्या वर्षी हार्लेममध्ये त्याचं कामाचं ठिकाण पुन्हा सुरू झालं. ब्रुकलिनमध्ये १९८८च्या सुमाराला ‘लो-लाइफ’ नावाची पोरांची टोळी जमली. ब्राउन्सव्हिल आणि क्राउन हाइट्समधली ही पोरं दुकानांतून राल्फ लॉरेनचे पोलो कपडे उचलायची आणि डोक्यापासून पायापर्यंत तेच घालायची. गोऱ्या श्रीमंतांच्या सुट्ट्यांसाठी बनवलेले ते कपडे. चोरी ती चोरीच, पण आम्हीही या चित्रात बसतो हे त्यांना अंगावर घालून सांगायचं होतं. कंपनीने १९९३चा ‘स्नो बीच’ संच २०१८मध्ये पुन्हा काढला, तेव्हा त्याला जी किंमत आली होती ती या पोरांनी आणलेली होती. जाहिरात विभागाने नव्हे.

हे कपडे आज संग्राहकांच्या कपाटात आहेत. त्यांतल्या एखाद्या जाकिटाचं साल, रंगसंगती, लेबलचा प्रकार सांगणारे शेकडो भेटतील. ते पहिल्यांदा कुणी घातलं, काय जोखीम पत्करून घातलं, हे सांगणारे थोडे. तिथे मला साताऱ्याच्या बाईचा प्रश्न आठवतो.

मधल्या माझ्या पिढीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. आम्ही पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा बाजार नुकता उघडला होता. जुन्याचा विचारही मनात येत नव्हता. कॅम्पात रस्त्यावर निर्यातीतून नाकारलेले शर्ट मिळत, लेबल अर्धं कापलेलं असे, त्या उरलेल्या अर्ध्यावरून कंपनी ओळखायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाने शिवायची जीन्स आणली: पाकिटात डेनिमचं कापड, चेन, रिवेट, कमरेवर लावायचा शिक्का, सगळं. ते घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडे जायचं. वडिलांच्या मापाने पँट शिवणारा शिंपी पहिल्यांदाच पितळी रिवेट ठोकत बसलाय आणि आम्ही दोन-चार पोरी दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघतोय, हे मला अजून स्वच्छ दिसतं. माझ्या मते भारतीय स्ट्रीटवेअरचा खरा दस्तऐवज ती जीन्स आहे: परदेशी कल्पना, अहमदाबादचं कापड आणि गल्लीतल्या शिंप्याचं माप. आम्ही त्या घातल्या, विटल्या की बोहारणीला दिल्या. कुणाकडे एखादी उरली असेल तर कृपा करून टाकू नका.

आज या जुन्या कपड्यांचा सट्टा झाला आहे, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. जाकीट प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून भाव चढायची वाट बघणं हे त्या शिलाईशी केलेलं वैर आहे. ‘सुप्रीम’ या स्ट्रीटवेअर कंपनीने नक्कल केली म्हणून लुई व्हिताँने २००० साली तिला वकिलाची नोटीस दिली आणि २०१७मध्ये तिच्याच बरोबर कपडे काढले. त्यानंतर तर रस्त्यावरचा टी-शर्ट आणि शेअर यांत फरक उरला नाही. माझ्या मुलीच्या ओळखीतली काही मुलं विकत घेतलेलं अंगाला न लावता महिन्याभरात विकतात. ती जाकीट बघत नाहीत, आकडा बघतात. माझी मुलगी तिचं जाकीट पावसात घालते, कफ आणखी उसवला तर स्वतः शिवते. आजीने तिला टाका घालून दाखवला, उसवणीवर आडवा-उभा, आणि जाता जाता म्हणाली, “आता निदान तुझ्या अंगावरचं झालं.” आजीचा प्रश्न असा मिटला. परक्याचं कापड आपण वापरून, शिवून आपलं करता येतं, हे तिने मान्य केलं, आणि ऐंशीच्या घरातल्या बाईने मान्य केलं म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते.

आता पुण्या-मुंबईतही ही हौस आली आहे. तरुण मुलं जुनी जाकिटं, जुन्या जर्सी शोधतात, मोबाइलवर विकतात, लेबलांवरून वाद घालतात. मला याचा आनंद आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी उतरलेलं घालायला नकार दिला म्हणून आज यांना ते आवडीने निवडता येतं, एवढं त्यांना ठाऊक असावं असं मात्र मला वाटतं.

म्हणून एक विनंती. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू ठेवलेल्या आहेत, वामनराव गोडबोले यांनी जमवून जपलेल्या. त्यांत त्यांचे कोट आहेत. काळाने ते विरू लागले, म्हणून तज्ज्ञांकडून प्रक्रिया करून ते टिकवण्याची खटपट झाली. ज्यांना बाही बघून साल सांगता येतं, कॉलरच्या घडीवरून शिंप्याचा हात ओळखता येतो, त्यांनी एकदा तिथे जावं आणि ते कोट त्याच नजरेने, तितकाच वेळ देऊन बघावेत. ते कुणाच्या अंगावरचे, हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही. आमची मुलगी या हिवाळ्यात भारतात येईल तेव्हा जाणार आहे. आईने ‘मलाही न्या’ म्हणून सांगितलं आहे.